आतून उघडणारं दार



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी धाकट्या बहिणीचा फोन आला होता, "अगं, ते गाडीच्या दाराचं प्रकरण नुसतं फोनवर सांगितलंस, एकदा नीट लिहून काढ ना." म्हटलं, लिहावं. पण लिहायला लागले आणि ते प्रकरण त्या एका दारापाशी थांबेना. सगळं आयुष्य शाळेत इतिहास शिकवण्यात गेलं, त्यामुळे कुठलीही गोष्ट सांगायला घेतली की मी शे-सव्वाशे वर्षं मागे जातेच, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा जरा सवडीने वाचा.

तर झालं असं. जून २०२३ मध्ये मी मुलाकडे अमेरिकेत होते. आठवडाभर फिरायला जायचं म्हणून त्याने एक मोटरहोम भाड्याने घेतली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही म्हणजे एस.टी.च्या बसएवढी घरगाडी. आत पलंग, ओटा, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, सगळं. पण आमच्या प्रकारच्या गाडीत ड्रायव्हरला वेगळं दार नव्हतं. जो कोणी आत जाणार तो बाजूच्या एकाच दाराने, आणि बाहेर येणार तोही त्याच दाराने. पहिल्या दिवशी माझ्या हे लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोलोराडोमधल्या एका कॅम्पग्राऊंडवर गाडी लावली. जमीन जरा उतरती होती. गाडी समतल करायला खाली चार कोपऱ्यांना जॅक असतात, ते मुलाने खालीवर करून बसवले. तो आणि सून बाहेर खुर्च्या मांडत होते. आत मी आणि नऊ वर्षांची नात. मी खिचडीचा कुकर लावला होता. दार ओढून घेतलं होतं, माश्या येतात म्हणून.

नात बाहेर जायला निघाली. मूठ ओढली, दार उघडेना. मी ओढली. मूठ नुसतीच हलत होती, सैल दातासारखी. खट्ट असा आवाज येतो तो येत नव्हता. बाहेरून मुलाने किल्ली फिरवली, मूठ उचलली, धक्का दिला. काही नाही. पाच मिनिटं आम्ही दोन्ही बाजूंनी झटापट केली आणि मग मूठ अजिबातच ढिली झाली.

खरं सांगते, तोवर मला हसूच येत होतं. मग कुकरची शिट्टी झाली आणि एकदम लक्षात आलं, आत गॅस पेटलेला आहे, आणि मला बाहेर पडता येत नाहीये. पहिल्यांदा गॅस बंद केला.

आमची आरडाओरड ऐकून शेजारच्या गाडीतले एक आजोबा आले. माझ्याच वयाचे असतील. त्यांचं इंग्रजी मला निम्मंच कळत होतं, मुलगा बाहेरून भाषांतर करत होता. मला वाटलं हे आता दाराला हात घालतील. पण त्यांनी दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न : आत किती जणं आहेत? दुसरा : गॅस चालू आहे का? आणि बाहेरच्या टाकीचा कॉक त्यांनी स्वतः जाऊन बंद केला. तिसरं वाक्य असं की मागच्या खोलीत पलंगाशेजारी लाल मुठी असलेली खिडकी शोधा. आधी माणसं बाहेर, दार मग बघू.

खरोखरच तिथे एक खिडकी होती, खाली दोन लाल मुठी. मुठी फिरवल्या, पण खिडकी हलेना, रबराची पट्टी उन्हाने चौकटीला चिकटून बसली होती. नातीने पलंगावर उताणं पडून दोन्ही पायांनी लाथ मारली तेव्हा ती वर उघडली. खाली जमीन चांगली पुरुषभर खोल. नात खाली वाकून म्हणाली, "आजी, हिरकणीसारखं उतरायचं का?" तिला मीच सांगितलेली गोष्ट! ती उतरली, बापाने खालून झेलली. मी मात्र नाही उतरले. माझ्या गुडघ्यांची कथा तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं, मी इथेच बसते, तुम्ही दार दुरुस्त करा.

म्हणजे ते मलाच करावं लागलं! आजोबांनी आधी जॅक थोडे खाली घ्यायला सांगितले. त्यांचं म्हणणं, जॅक कमीजास्त उचलले की एवढी लांब गाडी किंचित पिळली जाते, दाराची चौकट तिरकी होते आणि दार आवळलं जातं. आपल्याकडे पावसाळ्यात लाकडी दार फुगतं तसंच म्हणा ना. अशा आवळलेल्या दारावर मूठ जोरात ओढली की आतला नाजूक भाग तुटतो. खिडकीतून मला स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड दिली. "आई, मुठीभोवतीचे चारही स्क्रू काढ. आता ते प्लॅस्टिकचं झाकण ओढ." झाकण निघालं. आत बोटभर लांबीची धातूची पट्टी होती, मुठीची हालचाल कुलपाच्या जिभेपर्यंत नेणारी. ती मधोमध तुटलेली. मुलाने बाहेरून खांद्याने दार आत दाबून धरलं, म्हणजे जिभेवरचा ताण कमी झाला, आणि मी पकडीने जीभ मागे ओढली. खट्ट! इतका गोड आवाज मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गावातून नवीन कुलूप आणून बसवलं. चौकटीवरचा खुंटा, ज्यात जीभ अडकते तो, थोडा ढिला करून सुतभर सरकवला. आजोबांनी एक युक्ती शिकवली. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढून बघायची. वर, मध्ये, खाली सारखीच अडकली पाहिजे. कुठे सैल, कुठे घट्ट असली तर दार तिरकं आहे. आणि कुलपात तेल घालायचं नाही, तेलाला धूळ चिकटते, कोरडं ग्राफाइट घालायचं.

दार दुरुस्त झालं, खिचडीही झाली. रात्री नातीने विचारलं, "आजी, त्या खिडकीला लालच मुठी का? आणि हे कुणी ठरवलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतिहासाच्या शिक्षिकेला असा प्रश्न विचारून गप्प बसवणं म्हणजे... असो. घरी परतल्यावर मुलाच्या मदतीने वाचत गेले. आणि कळलं, की घाईत, अंधारात, किल्लीशिवाय आतून उघडता येणारा रस्ता ही कुणा एका हुशार माणसाची कल्पना नाही. ती माणसांनी फार मोठी किंमत देऊन शिकलेली गोष्ट आहे.

सुरुवात मी इंग्लंडमधल्या संडरलंड या गावापासून करते. शिक्षिका आहे, तिथे माझा जीव अडकला.

१६ जून १८८३, शनिवार. व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी जादूचे खेळ होते. तिकीट एक पेनी, त्यामुळे कामगारांची मुलं शेकड्यांनी आलेली. बरोबर मोठी माणसं फारशी नाहीतच. खेळ संपताना जाहीर झालं की ठरावीक नंबरांच्या तिकिटांना बक्षीस मिळेल. खाली स्टेजवरून खेळणी वाटायला सुरुवात झाली. वरच्या गॅलरीत सुमारे अकराशे मुलं होती. त्यांना वाटलं, आपल्याला काही मिळणार नाही. ती जिन्यावरून खाली धावली.

जिन्याच्या तळाशी दार होतं. ते आतल्या बाजूला, म्हणजे मुलांच्याच दिशेने उघडणारं. आणि कुणीतरी ते अर्धवट उघडून खाली खिटी लावून ठेवलं होतं, एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून. बहुधा तिकिटं तपासायला सोपं जावं म्हणून. पुढची मुलं फटीत अडकली, मागची येतच राहिली. मागच्यांना पुढे काय झालंय ते दिसत नव्हतं. दार मोकळं करायला ते आधी आत ओढायला हवं, आणि आत तर मुलांचा ढीग. मोठ्या माणसांनी बाहेरून एकेक मूल फटीतून ओढून काढलं. हॉलचा राखणदार दुसऱ्या जिन्याने वर धावला आणि त्याने जवळपास सहाशे मुलं वेगळ्या वाटेने बाहेर काढली. तरीही १८३ मुलं गुदमरून गेली. वय वर्षं तीन ते चौदा. आग नाही, भूकंप नाही. फक्त एक दार.

दोन चौकश्या झाल्या. ती खिटी कुणी लावली हे शेवटपर्यंत कळलं नाही. मला हे वाक्य वाचून फार अस्वस्थ वाटलं. कारण खिटी लावणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार. त्याला शिस्त हवी होती. रांग हवी होती. आम्हा शिक्षकांना काय वेगळं हवं असतं?

त्या दुर्घटनेनंतर इंग्लंडमध्ये करमणुकीच्या जागांची बाहेर पडायची दारं बाहेरच्या बाजूला उघडावीत यासाठी कायदे झाले. आणि रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज नावाच्या माणसाने एक कडी शोधून काढली, १८९२ मध्ये तिचं पेटंट मिळालं. कल्पना साधी. दाराला आतून आडवा दांडा. त्यावर अंग टेकलं तरी खिट्या सुटतात आणि दार बाहेर उघडतं. बाहेरून मात्र ते बंदच. हात वापरायला नको, डोळे वापरायला नकोत, डोकंही वापरायला नको. गर्दीचा जो रेटा संडरलंडला मुलांच्या जिवावर उठला, तोच रेटा आता दार उघडतो. संडरलंडच्या मोब्रे पार्कमध्ये त्या मुलांचं स्मारक आहे, मांडीवर मेलेलं मूल घेतलेल्या आईचा पुतळा. हॉल मात्र राहिला नाही, १९४१ मध्ये जर्मन बॉम्बने पडला.

वाटेल की जग शिकलं. पण एका देशाचा धडा दुसऱ्या देशाला आपोआप पाठ होत नाही. ३० डिसेंबर १९०३, शिकागो. नाताळची सुट्टी, इरोक्वॉय थिएटरमध्ये दुपारचा खेळ, प्रेक्षकांत बायका आणि मुलंच जास्त. थिएटर उघडून सहा आठवडेही झाले नव्हते, आणि त्याला आग लागूच शकत नाही अशी जाहिरात होती. स्टेजवरच्या दिव्याच्या ठिणगीने पडदा पेटला. लोक दारांकडे धावले. काही दारं शोभेच्या पडद्यांमागे झाकलेली. काही जिन्यांवर लोखंडी जाळ्या कुलूप लावून बंद, स्वस्त तिकिटवाल्यांनी महागड्या जागांवर जाऊन बसू नये म्हणून. आणि जी दारं हाताशी होती, त्यांना युरोपी धाटणीचा एक नवीन खटका बसवलेला. तो कसा उघडायचा हे अमेरिकी प्रेक्षकांना ठाऊकच नव्हतं. एका प्रेक्षकाच्या घरच्या बर्फपेटीला तसाच खटका होता, म्हणून त्याला एक दार उघडता आलं, असं सांगतात. एवढ्याशा योगायोगावर माणसं वाचली. ६०२ माणसं मात्र वाचली नाहीत. १८७१ मध्ये शिकागोचा मोठा भाग जळाला होता, तेव्हाही इतकी माणसं गेली नव्हती.

त्या खेळाचं तिकीट कार्ल प्रिन्झलर नावाच्या एका माणसाकडे होतं. इंडियानापोलिसमधल्या व्हॉनेगट हार्डवेअर कंपनीत, म्हणजे कड्याकोयंड्यांच्याच धंद्यात तो काम करत होता. कामामुळे त्याला त्या दिवशी जाता आलं नाही. जी गोष्ट आपण विकतो तिच्यामुळे माणसं गेली, हे त्याच्या मनातून जाईना. हेन्री ड्युपॉन्ट या जाणकार माणसाला बरोबर घेऊन त्याने दाराचा दांडा तयार केला, १९०८ मध्ये तो बाजारात आला. व्हॉनेगट, ड्युपॉन्ट आणि प्रिन्झलर या तिघांच्या नावांचे तुकडे जोडून त्याला 'व्हॉन ड्युप्रिन' नाव मिळालं. मॉलमध्ये, सिनेमागृहात पोटाने ढकलून उघडायचा आडवा दांडा आपण पाहतो ना, तो या घराण्यातला.

पण कडी चांगली मिळाली तरी ती लावायची इच्छा पाहिजे. २५ मार्च १९११, न्यूयॉर्क. ट्रँगल नावाच्या ब्लाऊज शिवायच्या कारखान्याला शनिवारी संध्याकाळी सुटीच्या वेळी आग लागली. कारखाना आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर. नवव्या मजल्यावरच्या एका जिन्याच्या दाराला कुलूप होतं. कारण? मुलींनी कापड चोरून नेऊ नये म्हणून सगळ्यांनी एकाच दाराने जायचं आणि पिशवी उघडून दाखवायची, असा नियम होता. १४६ जणं गेली, बहुतेक परदेशातून आलेल्या कोवळ्या मुली. कित्येकींनी खिडकीतून उड्या टाकल्या. मालकांवर खटला चालला. त्या वेळी दाराला कुलूप आहे हे त्यांना माहीत होतं का, हा मुद्दा सिद्ध झाला नाही आणि ते सुटले. रस्त्यावर उभं राहून हे सगळं पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स ही तरुण बाई होती. पुढे १९३३ मध्ये ती अमेरिकेची कामगारमंत्री झाली, तिथल्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. कामगारांच्या सुरक्षेचे कितीतरी कायदे तिच्या खटपटीने झाले.

आणि तरीही १९४२ मध्ये बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबमध्ये ४९२ माणसं गेली. पुढचं गोल फिरणारं दार गर्दीने अडकून बसलं आणि बाकीची दारं बंद, बिल न देता कुणी निसटू नये म्हणून. त्यानंतर गोल दाराच्या शेजारी साधं, बाहेर उघडणारं दार हवंच, असा नियम आला.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी जुनी, हलगर्जी माणसं. म्हणून शेवटचं उदाहरण जगातल्या हुशार इंजिनियरांचं सांगते.

१९६१ च्या जुलैमध्ये गस ग्रिसम हा अमेरिकी अंतराळवीर अंतराळात जाऊन समुद्रात उतरला. त्याच्या यानाचं दार स्फोटक बोल्टांनी झटकन उडवता येत असे. ते वेळेआधीच उडालं, यानात पाणी शिरलं, ग्रिसम कसाबसा पोहून वाचला, यान बुडालं. पुढे चंद्रावर जायच्या अपोलो यानाचं दार करताना भीती ही, की ते नको तेव्हा उघडलं तर? तेव्हा आतलं दार आतच उघडणारं केलं. यानातल्या हवेचा दाबच ते घट्ट लावून धरणार, न्हाणीघरातल्या बुचासारखं. ते काढायला चांगल्या परिस्थितीतही दीड मिनिट लागत असे.

२७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच, नुसती चाचणी चालू असताना, शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या त्या यानात आग लागली. आतला दाब क्षणात इतका वाढला की तिघांच्या काय, दहा जणांच्या ताकदीनेही ते दार आत ओढता आलं नसतं. बाहेरच्या लोकांना सगळी दारं उघडायला पाच मिनिटं लागली. तिघंही गेले होते : एड व्हाइट, रॉजर शॅफी आणि तोच गस ग्रिसम. एकदा नको तेव्हा उघडलेल्या दारातून वाचलेला माणूस, हवं तेव्हा न उघडलेल्या दाराने गेला. त्यानंतर अपोलोचं दार बदललं, बाहेर उघडणारं आणि आतून काही सेकंदांत सुटणारं. जी माणसं १९६९ मध्ये चंद्रावर गेली, ती या नव्या दाराच्या यानातून.

हे सगळं एकापुढे एक ठेवल्यावर मला एक गोष्ट दिसली. यातलं एकही दार कुणी दुष्टपणाने बंद केलेलं नाही. तिकिटं तपासायला, चोरी टाळायला, बिल बुडू नये म्हणून, यान बुडू नये म्हणून. प्रत्येक कुलपामागे एक बरंसं कारण आहे. फक्त कुलूप लावणारा नेहमी दाराच्या दुसऱ्या बाजूला उभा असतो. आत उभं राहून, अंधारात, मागून लोक ढकलत असताना हे दार कसं दिसेल, हे त्याने कधी पाहिलेलं नसतं. मोटरहोमच्या पलंगाशेजारची लाल मूठ ही त्या आतल्या माणसाच्या बाजूने विचार करून ठेवलेली मूठ आहे. नातीला मी हेच उत्तर दिलं. लाल यासाठी की घाबरलेल्या माणसाला शोधावी लागू नये.

आपली हिरकणीची आख्यायिका हेच सांगते. सूर्य मावळला की रायगडाचे दरवाजे बंद, नियम म्हणजे नियम. गडावर दूध विकायला आलेली गवळण आत अडकली, खाली घरी तान्हं बाळ. ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही, तिचा मान केला आणि तिथे बुरूज बांधला, अशी गोष्ट आहे. मी वर्गात ही गोष्ट दरवर्षी आईच्या मायेची म्हणून सांगत आले. ती दाराचीही गोष्ट आहे, हे मला त्या खिडकीपाशी नातीच्या तोंडून कळलं.

आता जे लिहिणार आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. यजमानांनाही नाही.

साधारण १९८६ ची गोष्ट. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची शिस्त माझ्याकडे होती. हॉलला पुढे एक दार आणि मागे जाळीचं सरकतं दार. मागच्या दाराने मुलं निसटतात, बाहेरची टवाळ पोरं आत घुसतात, म्हणून मी त्याला कुलूप लावायला लावलं. किल्ली शिपायाच्या खिशात. नाटक चालू असताना लाइट गेले. काळोख, पाचवी ते सातवीची तीनेकशे मुलं. कुणीतरी किंचाळलं आणि सगळी मागच्या दाराकडे पळाली, कारण तिथून चांदणं दिसत होतं. मी शिपायाला हाका मारतेय, तो चहा प्यायला गेलेला. जाळी धरून उभ्या असलेल्या मुलांची बोटं अजून डोळ्यांसमोर आहेत. "ताई, उघडा ना, ताई..."

दोनच मिनिटांत लाइट आले. एक-दोघी रडत होत्या, एकीचा हात खरचटला होता. मी काय केलं असेल? मुलांना बेशिस्तीबद्दल रागावले. आणि पुढच्या वर्षीही कुलूप लावलं.

१६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमला एका शाळेत आग लागली. माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून ती गवताच्या छपरापर्यंत गेली. वरच्या मजल्यावर लहान मुलं, उतरायला अरुंद जिना. ९४ मुलं गेली. दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. पेपर वाचून मी तशीच शाळेत गेले आणि प्रार्थनेच्या आधी हॉलच्या मागच्या दारापाशी गेले. कुलूप तिथेच होतं, गंजलेलं. किल्ली कुणाकडेच नव्हती. किती वर्षं ते तसंच असेल कुणास ठाऊक! शिपायाकडून हातोडीने तोडून घेतलं. जाळी सरकेना, तिलाही गंज. चौघांनी मिळून ती ओढली. मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाई, आजच काय एवढं?" मी काही बोलले नाही. अठरा वर्षं माझी मुलं त्या बंद दाराच्या आत संमेलनं करत होती, आणि काही झालं नाही ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे, हे कोणत्या तोंडाने सांगणार होते?

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. मोटरहोममध्ये ती मूठ हातात सैल झाली ना, तेव्हा माझी बोटं कुठे होती ते मला नेमकं कळलं. आता मी जाळीच्या आतल्या बाजूला होते.

तेव्हा मंडळी, लेख वाचून झाला की एक काम करा. आपल्या सगळ्यांच्या फ्लॅटला सेफ्टी डोअर आहे, बाल्कन्यांना जाळ्या आहेत, खिडक्यांना गज आहेत. चोर आत येऊ नये याचा विचार आपण पुष्कळ केलेला आहे. आज रात्री एकदा दिवे घालवून, आतून, किल्ली न शोधता दार उघडता येतं का ते बघा. बाल्कनीच्या जाळीला उघडणारा भाग आहे का, त्याच्या कुलपाची किल्ली कुठे आहे, घरातल्या लहानातल्या लहान मुलाला ते ठाऊक आहे का, बघा. मी माझ्या घरी पाहिलं. मागच्या बाल्कनीच्या जाळीची किल्ली देवघराच्या खणात, पणत्यांच्या डब्याखाली सापडली. आता ती जाळीशेजारीच, बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्याला टांगली आहे.

आणि हो, तिला लाल रिबीन बांधली आहे. नातीला फोटो पाठवला, तिचा उलट निरोप आला : "आजी, शाब्बास!"